त्याच पानांचे दोन डाव

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, आज कोर्ट उघडलं. माझ्या टेबलाशेजारी नवीन झेरॉक्स मशीन आणून बसवलीय. अधीक्षक म्हणले, "धर्मराज, आता तुमची बोटं दुखायची न्हाईत." मी हसलो. काय करणार!

सोळा वर्षं झाली, अंबडच्या कोर्टात मी नक्कल कारकून आहे. निकालाच्या, साक्षीच्या नकला करायच्या अन् मंग रुजुवात घ्यायची. रुजुवात म्हणजे कडूबा शिपाई मूळ कागद अडखळत वाचतो अन् मी नक्कल ओळीला ओळ लावून बघतो. एक काना इकडचा तिकडं झाला तरी माझ्या नजरेतून सुटत न्हाई. बराबर असली तरच 'खरी नक्कल' हा शिक्का मारायचा. आता मशीन तेच दोन मिनिटांत करते अन् तिला चहा बी लागत न्हाई. आज दिवसभर मी नुसता शिक्का मारला.

घरी आलो तर बेबीनंदानं माझं तोंड बघितलं. अंगणात खाट टाकली अन् पत्ते आणले. अकरा वर्षांचा नेम आहे आमचा, चहा झाला की नवरा-बायकोत रमीचे चार-पाच डाव. पैशावर न्हाई, चिंचोक्यावर. आज पाचातले चार मी जिंकलो. शेवटच्या डावात तिनं बदामाची सत्ती टाकली, मी उचलली अन् डाव तिथंच संपवला. म्हणलो, "अगं, समोरचा माणूस बदाम गोळा करून राह्यलाय, दिसत न्हाई का तुला? सत्ती कशी काय टाकली?" म्हणली, "ध्यानच नव्हतं बघा माझं."

बायको गुणाची आहे, पण पत्त्यात डोकं न्हाई तिचं. माझ्या चिंचोक्यांचा डालड्याचा डबा काठोकाठ भरलाय. तिचे वाटीभर बी न्हाईत, अन् जेवढे जिंकते तेवढे भाजून खाऊन टाकते.

९ नोव्हेंबर, रविवार

आज एक नवीनच गोष्ट झाली. मेहुणा साहेबराव जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या प्लँटवर आहे. तो म्हणला, "दाजी, घरात काय चिंचोक्यावर खेळता? एकदा क्लबात चला." गेलो. मोंढ्याच्या पलीकडं वरच्या मजल्यावर हॉल आहे, सहा टेबलं, भिंतीवर परवान्याचा कागद. मॅनेजर बद्रीनाथनं बसायच्या आधीच सांगितलं, "इथं तीन पत्ती चालत न्हाई. रमी म्हणजे अकलेचा खेळ, तेवढाच चालतो."

अकलेचा खेळ! हेच तर मी इतकी वर्षं सांगून राह्यलो.

मंग पानं अशी यायला लागली की विचारू नका. एक्का पाहिजे म्हणलं की एक्का. दुपारी चारला उठलो तेव्हा टेबलावरचे तिघं माझ्याकडं बघत होते. किती जिंकलो ते इथं लिहीत न्हाई, पण येताना दोन डझन मोसंबी आणली.

बेबीनंदाला सगळे डाव पहिल्या पानापासून सांगितले. तिनं मोसंबी सोलत ऐकून घेतलं. शेवटी म्हणली, "नाव धर्मराज आहे तुमचं, तेवढं ध्यानात ठेवा. मला डावावर लावू नका म्हणजे झालं." दोघं बी लई हसलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज बी जिंकलो. बद्रीनाथनं स्वतः चहा आणून दिला.

एसटीत साहेबराव विचारत होता, "ताई अजून खेळते का हो? परतूरला लहानपणी तिच्यासोबत कोणी बसायलाच तयार व्हायचं न्हाई." असेल. नवशिक्यासोबत कोण वेळ घालवणार? बिचारीला तेव्हापासून कोणी शिकवलंच न्हाई. उद्यापासून मी तिला जरा पद्धतशीर शिकवणार आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शिकवणी सुरू केली. समोरच्यानं काय उचललं, काय टाकलं ते ध्यानात कसं ठेवायचं ते सांगितलं. तिनं मान डोलावली. नंतरच्या डावात मलाच विसर पडला की इस्पिकचा गुलाम गेलाय का न्हाई. ती म्हणली, "गेला की, तिसऱ्या फेरीत. त्याच्या मागं चौकटची नव्वी." एकदा सांगितलं तर कशी चटकन सुधारली! शिकवणारा चांगला पाहिजे.

२३ नोव्हेंबर, रविवार

सलग तिसरा रविवार. पुन्हा जिंकलो.

क्लबात भुजंगराव म्हणून एक म्हातारे रोज येतात. वीस वर्षांपूर्वी नोकरी सोडली, तेव्हापासून रमीवरच संसार चालवला म्हणतात. आज ते माझ्या मागं खुर्ची टाकून तासभर बसले. उठताना मी विचारलं, "कसा वाटला खेळ?" म्हणले, "पानं चांगली येऊन राह्यली तुम्हाला."

मी म्हणलो, "पानं सगळ्यांनाच येतात, खेळायला यावं लागतं."

"बराबर," ते म्हणले. "तीन रविवार जिंकला तो नशिबाचा. तीन वर्षं टिकला तर त्याला खेळता येतं म्हणायचं. तसे मी इथं दोनच बघितले. एक मी, दुसरा मेला." मंग खुर्ची सरकवत, "तुम्ही गड्डीतून पान घ्यायला कचरता. खाली पडणाऱ्या पानाची वाट बघता. घरी कोण टाकून देतं का तुम्हाला?"

म्हाताऱ्याला जळजळ होऊन राह्यली, दुसरं काय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज कोर्टात एकही नक्कल हातानं करायला आली न्हाई. बसल्या बसल्या कोऱ्या कागदावर राजीनाम्याचा मसुदा लिहिला. माझ्या अक्षरात तो इतका सुरेख दिसला की खोडायचा धीर झाला न्हाई.

का न सोडावी नोकरी? भुजंगराव वीस वर्षं काढू शकतात तर मी का न्हाई? माझ्या अंगात एक तरी कसब आहे हे जगाला कळू दे. शिक्का तर कडूबा बी मारू शकतो.

घरी सांगितलं. बेबीनंदा पीठ मळत होती, हात थांबला तिचा. म्हणली, "चार वर्षं अजून काढली की पेन्शन बसते. पोरगी औरंगाबादला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे." एवढंच. आदळआपट न्हाई, रडणं न्हाई. भाजीत मीठ मात्र नव्हतं. लग्नाच्या अठरा-एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

तिची नजर भिंतीवर गेल्ती. तिथं माझ्या नेमणुकीचा आदेश आहे, बाबांनी काचेच्या चौकटीत बसवलेला. बाबा परतूरच्या रेल्वेलायनीवर गँगमन होते. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला. बाबांना वाचता येत नव्हतं, पण पाहुणा आला की त्याला त्या कागदापुढं उभं करून म्हणायचे, "वाच."

मी त्या बाजूला बघितलंच न्हाई.

३० नोव्हेंबर, रविवार

हरलो. बेकार हरलो. पानंच आली न्हाईत, माणूस करणार काय? नशिबाचा फेरा म्हणायचा अन् सोडून द्यायचं.

२ डिसेंबर, मंगळवार

आज कडाक्याचं बोलणं झालं. म्हणजे मीच बोललो, ती तांदूळ निवडत होती. मी म्हणलो रमी म्हणजे कसब. ती हळूच म्हणली, "अहो, जिंकलं की तुमचं कसब अन् हरलं की पानांचं नशीब, हे कसं काय? एक काहीतरी धरा."

मला लई राग आला. अंगणात फेऱ्या मारल्या. अन् सातव्या-आठव्या फेरीला डोक्यात लख्ख पडलं. मी नक्कल कारकून आहे ना! मंग डावाची नक्कल का करू नये?

इलाज असा काढलाय. कडूबा गड्डी पिसणार अन् वाटायच्या आधी बावन्न पानांचा क्रम वहीत उतरवून घेणार. मी भिंतीकडं बसणार, बेबीनंदा दाराकडं. डाव खेळायचा, कोण काय उचलतं, काय टाकतं ते सगळं कडूबानं लिहायचं. असे आठ डाव. मंग पुढच्या रविवारी वहीत बघून कडूबा तेच आठ डाव पानाला पान जसेच्या तसे लावणार, फक्त पुढचा डाव मागं, मागचा पुढं. अन् आम्ही जागा बदलायच्या. तिची पानं मला, माझी पानं तिला. नशीब दोघांना एकसारखं! मंग जो जास्ती डाव जिंकेल तो कसबानंच जिंकला म्हणायचा.

मी जिंकलो तर राजीनामा, अन् ती एक शब्द बोलणार न्हाई. कबूल झाली. आठ दिवसांनी कोणाला पानं आठवणार? मलाच कालची भाजी आठवत न्हाई.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी दोघं पुतळ्याला हार घालून आलो. बेबीनंदा हात जोडून बराच वेळ उभी होती. काय मागितलंस म्हणून विचारलं तर म्हणली, "मागायला न्हाई, विचारायला उभी होते. कोणाच्या भल्यासाठी खोटं वागलं तर ते खोटंच राहतं का?" मी म्हणलो, "कोर्टात तरी खोटंच राहतं."

७ डिसेंबर, रविवार

पहिले आठ डाव झाले. कडूबा धुतलेली टोपी घालून, दोन पेन्सिली घेऊन आल्ता, जसं काय सेशन केस आहे. अंगणात लिंबाखाली बसलो. पाच डाव मी जिंकलो, तीन तिनं.

मी भिंतीकडून पाच, ती दाराकडून तीन. अर्धी लढाई मारली म्हणा की! कडूबा वही बगलेत धरून म्हणला, "साहेब, वहिनी लई शांत खेळतात." मी म्हणलो, "शांत काय, झोपेत खेळते ती."

९ डिसेंबर, मंगळवार

राजीनामा पक्का लिहून काढला. तिला वाचून दाखवला. "अक्षर लई सुंदर आलंय," म्हणली. मंग सहज विचारावं तसं विचारलं, "समजा, रविवारी असं झालं की जी पानं तेव्हा जिंकली तीच पुन्हा जिंकली. माणूस बदलला तरी. तर काय समजायचं?"

मी म्हणलो, "आठच्या आठ डावांत? असं होत न्हाई."

"पण झालं तर?"

"झालं तर मंग सगळा पानांचाच खेळ. ना माझं कसब, ना तुझी चूक. तर मी राजीनामा फाडून टाकेन. नशिबाच्या भरवशावर नोकरी सोडायला मी काय खुळा आहे?"

"म्हणजे त्यात तुम्ही हरले असं न्हाई ना व्हायचं?"

"मी कसा हरेन? खेळच खोटा ठरेल."

"शब्द द्या," म्हणली. दिला. बायका काय काय शंका काढतात!

१० डिसेंबर, बुधवार

तिनं वहीत डोकावू नये म्हणून वही कडूबाच्या घरी कुलपात आहे. तिनं मागितली बी न्हाई. आज मात्र भाकरी थापताना तव्यावर एक करपवली. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. देवाचं न्हाई, हिशोबाचं बी न्हाई. "किलवर, किलवर, मंग चौकटची राणी" असं ऐकू आलं. शिकवणी जरा जास्तीच डोक्यात गेलेली दिसते. पोरीसारखी पाठ करून राह्यली.

१४ डिसेंबर, रविवार

काय लिहू!

आज ती भिंतीकडं बसली, मी दाराकडं. गेल्या रविवारी भिंतीकडच्या पानांनी पाच डाव जिंकले होते, तेव्हा तिथं मी होतो. आज तेच्या तेच पाच डाव भिंतीकडच्याच पानांनी जिंकले, म्हणजे तिनं. दाराकडच्या पानांनी तेव्हा तीन जिंकले होते, म्हणजे तिनं. आज तेच तीन मी जिंकले. कडूबानं एकेक डाव लावून बघितला. एक बी इकडचा तिकडं न्हाई. दोन्ही रविवार मिळून तिचे आठ, माझे आठ.

माणूस कोणी बी बसवा, जिंकायची ती पानं जिंकतातच. सहाव्या डावात तर मी पक्का गाढवपणा केला, पाहिजे असलेलं पान दोनदा माझ्याच हातानं फेकलं, तरी शेवटी जिंकलोच! यावरून काय ते समजा. रमी म्हणजे शुद्ध नशीब. बद्रीनाथचा परवाना अन् माझी अकरा वर्षं, दोन्ही गेली पाण्यात.

शब्द दिल्ता. राजीनामा फाडला. बेबीनंदानं तुकडे वेचले अन् सकाळच्या बंबासाठी ठेवले. तिचं डोकं लई दुखत होतं, आठवा डाव झाला तशी खाटेवर आडवीच झाली. एवढ्याशा खेळानं दमली. अन् कडूबाचं डोकं फिरलं की काय कोण जाणे, जाताना तिच्या पाया पडला. ती म्हणली, "कडूबा भाऊ, चहा पिऊन जा अन् तोंड बंद ठेवा." चहा पिताना तोंड बंद कसं ठेवायचं?

१६ डिसेंबर, मंगळवार

मन लागत न्हाई. ती संध्याकाळी पत्ते घेऊन आली, मी म्हणलो, "राहू दे. नशिबाचाच खेळ आहे तर टॉस उडवलेला बरा." ती पत्ते मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मला तिचं तोंड बघवलं न्हाई. नोकरी वाचली म्हणून तिला आनंद व्हायला पाहिजे होता, पण ती माझ्यापेक्षा जास्ती उदास.

८६ सालची कावीळ आठवली. दोन महिने अंथरुणात होतो, अन् त्यातच खात्याच्या परीक्षेत नापास झाल्याचं पत्र आल्तं. भिंतीकडं तोंड करून पडायचो, कोणाशी बोलायचो न्हाई. तेव्हा तिनं माहेराहून पत्त्याची जुनी गड्डी आणली. म्हणली, "मला शिकवा." पहिलाच डाव मी जिंकलो. मी हसलो म्हणे. ती अजून सांगते, दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले तुम्ही.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज कोर्टात एक गोष्ट झाली अन् घरी दुसरी.

एका वकिलानं शेताच्या वाटणीच्या निकालाच्या झेरॉक्स बाजारातून काढून आणल्या होत्या, नुसता शिक्का मारून पाहिजे होता. "मशीनची नक्कल आहे, त्यात काय बघायचं?" मी म्हणलो, बघितल्याशिवाय शिक्का न्हाई. कडूबा मूळ वाचायला बसला. चौथ्या पानावर वाक्य तुटलं. मूळ कागदाच्या पाठीवर सात ओळी होत्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कोणाच्या त्या! दुकानदारानं पाठ काढलीच नव्हती. वकील घामाघूम. अधीक्षक म्हणले, "धर्मराज, मशीन आली तरी तुम्ही पाहिजेच." सोळा वर्षांत असं कोणी म्हणलं नव्हतं.

त्याच तोऱ्यात कडूबाकडून ती वही मागून घेतली. तो द्यायला तयार नव्हता. "जाऊ द्या ना साहेब, झालं ते झालं." मी म्हणलो, सवय आहे, एकदा रुजुवात घेतो अन् फाडून टाकतो.

घरी बेबीनंदा शेजारी गेल्ती. दोन्ही रविवारचे डाव शेजारी शेजारी ठेवून बघत गेलो. सहाव्या डावाशी बोट अडकलं. चौथ्या फेरीत तिनं गड्डीतून चौकटची दश्शी घेतली. तिच्या हातातली पानं मी कागदावर मांडली. तेराच्या तेरा जुळली होती! एक जादा पान किलवरचं, ते खाली टाकायचं अन् डाव संपला म्हणायचं, एवढंच बाकी. अन् तिनं काय टाकलं? जुळलेल्या बदामाच्या छक्की-सत्ती-अठ्ठीतली सत्ती मोडून टाकली. ती मी उचलली. तरी मला जिंकता येईना, मी गाढवासारखा पाहिजे ते पान फेकलं. तिनं पुन्हा एक जोडी मोडली. पुन्हा मी फेकलं. तिनं पुन्हा मोडली. हाताशी आलेला डाव तिनं चार फेऱ्या लोंबकळत ठेवला, मी एकदाचा जिंकेपर्यंत.

सहावा डाव दाराकडच्या पानांनी जिंकायचा होता ना. म्हणून.

मंग मी आठही डाव काढले. तिला आठही पाठ होते. कोणतं पान कधी निघणार ते सुद्धा. जिथं जिंकायचं तिथं जिंकली, जिथं हरायचं तिथं हरली, अन् सगळं नशिबाच्या गळ्यात बांधलं. मंग ही दैनंदिनी मागं जाऊन वाचली. बदामाची सत्ती, साहेबराव, भुजंगराव, किलवर किलवर. माझ्याच अक्षरात लिहिलंय सगळं. नक्कल करणाऱ्याला मजकूर कळत न्हाई म्हणतात, ते खरं आहे.

पहिल्यांदा संताप आला. अकरा वर्षं मला येड्यात काढलं! डालड्याचा डबा उचलून अंगणात फेकला. चिंचोके पार न्हाणीपर्यंत गेले. मंग एकटाच खाली बसून वेचायला लागलो. एकेक चिंचोका तिनं मला दिलेला. हजाराच्या वर असतील. वेचता वेचता रडू आलं, लाज वाटत न्हाई लिहायला.

ती आली तेव्हा डबा जागेवर होता.

१९ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी मीच खाट टाकली. मीच पत्ते आणले. ती लुगड्याला हात पुसत आली, चेहरा उजळला तिचा. मी वाटले. पाचव्या फेरीत माझ्याकडं बदामाची पंजी-छक्की होती. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं अन् खाली टाकली. सत्ती.

मी उचलली न्हाई. हात गड्डीकडं नेला अन् वरचं पान घेतलं. काय आलं ते बघितलं बी न्हाई.

ती थांबली. "उचला की," म्हणली हळूच.

"न्हाई."

"तुम्हाला पाहिजे ना ती."

"पाहिजे. पण आता तू खरं खेळ."

तिनं हातातली पानं पालथी ठेवली. मंग विचारलं, "कडूबा बोलला?"

"कडूबा काय बोलतो! मी रुजुवात घेतली. सहावा डाव, चौथी फेरी."

तिनं कपाळाला हात लावला. "तोच तो मेला सहावा डाव! अहो, तुम्ही पाहिजे ते पान दोनदा फेकलं. मी तरी काय काय मोडू?" अन् हसायला लागली, अन् हसता हसताच डोळ्याला पदर लावला. "रागावले का?"

"काल रागावलो होतो. अकरा वर्षं, बेबी! कावीळ तर दोन महिन्यांत बरी झाली होती."

"मंग सवय लागली. जिंकलं की तुम्ही एक भाकर जास्ती खाता. वाटलं, माझं काय जातंय? तुम्ही क्लबात जाऊन बसाल असं कुठं माहीत होतं? मी लाडानं केलं अन् ते नोकरीवर उठलं. मलाच निस्तरायचं होतं. पण तुम्हाला हरवून न्हाई."

तिनं माझ्या हातातली पानं काढून घेतली, गड्डी एक केली अन् पिसायला लागली. अशी पिसली की मी बघतच राहिलो. पाण्यासारखी पानं. अकरा वर्षं माझ्यासमोर ती मुद्दाम अडाण्यासारखं पिसत होती. तेवढ्यात म्हणली, "एक सांगू? साहेबरावला आजपर्यंत न्हाई कळलं मी त्याला किती डाव सोडले. माहेरी आमच्या अण्णांना बी कधी धरता आलं न्हाई. तुम्ही नुसत्या कागदावरून धरलं. ते काय पत्त्यांचं कसब आहे का? ते तुमचं. त्या मशीनला आलं असतं का?"

लिंबाखाली अजून ऊन होतं. मी डबा मध्ये ठेवला अन् म्हणलो, "वाट."

पाच डाव खेळलो. पाचही हरलो. चौथ्यात मात्र तिला थांबून विचार करावा लागला.